पहिली शिडाची होडी कोणती घ्यावी? खडकवासल्याच्या काठावरून एक इतिहास

ज्यांना भाग ऐकायला वेळ नाही, किंवा ऐकून झाल्यावर नावं-आकडे पुन्हा बघायचेत, त्यांच्यासाठी हा लिखित पाठ. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे काय की' तेवढे गाळलेत.

सिंहगडाला जाताना खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी लावायची, कणीस किंवा भजी घ्यायची आणि पाण्याकडे बघत उभं राहायचं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी केलेलं असतं. नशीब असेल तर त्या दिवशी लांब पलीकडच्या बाजूला दोन-चार शिडं दिसतात. एवढीशी, कागदी होडीसारखी. ती असतात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या म्हणजे एनडीएच्या छात्रांची. ती बघून मनात एक प्रश्न येतो: अशी एखादी होडी आपल्याला घेता येईल का? घ्यायची तर कुठली? आणि नवशिक्या माणसाच्या खिशाला झेपेल अशी काही असते का?

आज या प्रश्नाचं उत्तर शोधू या, पण जाहिराती आणि किमती बघून नाही. इतिहासातून. कारण स्वस्त आणि नवशिक्यासाठी केलेली होडी ही चीज कुणीतरी, कधीतरी, एका ठरावीक अडचणीतून काढलेली आहे. ती अडचण कळली की आपली होडी कुठली हे ठरवणं खूप सोपं होतं.

तलाव आधी, शिडं नंतर

खडकवासल्याचा तलाव नैसर्गिक नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मुठा नदीवरच्या या दगडी धरणाचं काम १८६९ मध्ये सुरू झालं आणि १८७९ मध्ये संपलं. आखणी फाइफ नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनिअरची, म्हणून जुन्या नकाशांवर या पाण्याचं नाव 'लेक फाइफ' असं सापडतं. हेतू दोन: दुष्काळी भागातल्या शेतीला कालव्याचं पाणी आणि पुणे शहराला व छावणीला पिण्याचं पाणी. होड्या फिरवाव्यात असा विचार त्यात कुठेही नव्हता.

पुण्यात त्या काळी नौकाविहार नव्हता असं नाही. बंडगार्डनजवळ मुळा-मुठेच्या पात्रात साहेब लोकांचा बोट क्लब १८६८ पासून होता. पण तिथे मुख्यतः वल्ही चालायची. कारण साधं आहे. शिडाच्या होडीला वाऱ्याविरुद्ध जायचं तर नागमोडी जावं लागतं, एकदा डावीकडे तिरकं, एकदा उजवीकडे तिरकं. त्याला रुंद पाणी लागतं. नदीच्या अरुंद पट्ट्यात दर अर्ध्या मिनिटाला होडी वळवत बसावं लागेल. रुंद पाणी होतं खडकवासल्याला, आणि ते शहरापासून लांब.

मग या तलावावर पाण्यातले धडे आले कुठून? दुसऱ्या महायुद्धातून. समुद्रातून शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं म्हणजे जहाजातून लहान होड्यांत, होड्यांतून किनाऱ्यावर, हे सगळं आधी शिकवावं लागतं. त्यासाठी या तलावाच्या उत्तर काठावर एक खोटं जहाज उभं केलं होतं. नाव 'एचएमएस अँगोस्टुरा'. पुढे कुठेही न जाणारं, सैनिकांना उतरण्याचा सराव देण्यापुरतं जहाज! समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, सह्याद्रीच्या अलीकडे.

युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला आणि भूदल, नौदल, वायुदल या तिन्ही दलांच्या मुलांना एकत्र शिकवणारी संस्था उभारायचं ठरलं. जागा निवडताना भरपूर जमीन, जवळचे डोंगर, मुंबईचा समुद्र आणि लोहगावचा विमानतळ फार लांब नाही, या गोष्टी तर होत्याच. शिवाय हा तलाव आणि त्याच्या काठावरचं ते जुनं प्रशिक्षणाचं ठिकाण यांचंही पारडं जड ठरलं. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि जानेवारी १९५५ मध्ये प्रबोधिनीचं रीतसर उद्घाटन झालं. तलावाचा एक फाटा 'पीकॉक बे' म्हणून ओळखला जातो. तिथे छात्र आजही वल्ही मारायला आणि शीड हाताळायला शिकतात.

मधे एक मोठा घाव बसला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, तो लोंढा खाली आला आणि खडकवासल्याचं धरणही गेलं. पुण्याचं काय झालं ते आपण आजी-आजोबांकडून ऐकलेलं आहे. धरण पुन्हा बांधलं, तलाव पुन्हा भरला. हे सांगायचं कारण एवढंच की हे पाणी मुळात शहराच्या घशासाठी आहे. होडीचा विचार करताना ही गोष्ट शेवटी आपल्याला परत लागणार आहे.

'पहिली होडी' ही कल्पनाच नवी

आता जरा घाट उतरून कोकणात जाऊ. कारण मराठी माणूस शिडाची होडी एनडीएत नाही शिकला. गलबतं, मचवे, पडाव, बाजूला उलांडी बांधलेल्या लहान होड्या या सगळ्यांवर शिडं होती. शिवाजी महाराजांचं आरमार आणि पुढे आंग्र्यांचं आरमार त्याच माणसांच्या जिवावर उभं राहिलं. मग नवशिक्यासाठी त्यांच्याकडे कोणती होडी होती?

कोणतीच नाही! आणि हे फार महत्त्वाचं आहे. कोळी, भंडारी, खारवी घरातला मुलगा स्वतःची होडी घेऊन शिकत नव्हता. तो मोठ्यांच्या होडीवर चढायचा. आधी पाणी उपसायचं, मग दोर धरायचे, मग शीड वर-खाली करायचं, आणि कित्येक वर्षांनी सुकाणू हातात यायचं. तांडेल शिकवायचा तो ओरडून. होडी जड, शीड जड, हाताशी चार-पाच माणसं हवीतच. शिकणाऱ्याची चूक बाकीचे सांभाळून घ्यायचे.

म्हणजे शिकण्याचा खर्च त्या होडीत, त्या कुटुंबात वाटला गेलेला असायचा. नवशिक्याला स्वतःची होडी लागते कधी? जेव्हा त्याच्या घरात, गावात, ओळखीत कुणाचीच होडी नसते तेव्हा. तुमची-माझी परिस्थिती हीच आहे. आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या पगारदार शहरी माणसाची परिस्थितीही नेमकी हीच होती. आपल्याला हव्या त्या होड्या तिथूनच निघाल्या.

आठ फुटी प्लायवूड

साल १९४७. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचं किनाऱ्यावरचं गाव. तिथे लाकडी खोक्यांना चाकं लावून उतारावरून गाड्या पळवायची मुलांची शर्यत व्हायची. मेजर क्लिफर्ड मॅके यांच्या डोक्यात आलं, की असंच काहीतरी पाण्यावर का नको? वर्षभर चालेल, मुलं गुंततील. ते क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याकडे गेले. अट अशी: ५० डॉलरच्या आत झाली पाहिजे, आणि बाप-लेकाने मिळून गॅरेजमध्ये बांधता आली पाहिजे.

मिल्सने काय केलं बघा. होडी सुंदर कशी होईल, असा विचार त्याने सुरुवातीला केलाच नाही. बाजारात प्लायवूडचा तुकडा ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद मिळतो, इथून त्याने सुरुवात केली. मग होडी ८ फुटांपेक्षा कमीच असणार. तेवढ्यात टोकदार नाळ काढायला गेलं तर आतली जागा खाल्ली जाते, म्हणून पुढचं टोक सरळ कापून टाकलं. दिसायला आंघोळीचा टब! लांबी जेमतेम २.३ मीटर, एकच शीड, एकच मूल. 'ऑप्टिमिस्ट' क्लबच्या पाठिंब्याने हा कार्यक्रम चालला, म्हणून होडीचं नाव ऑप्टिमिस्ट. पुढे एका डॅनिश माणसाने तिचा आराखडा युरोपात नेला आणि आज जगभर लहान मुलं हिच्यावरच शिकतात.

हे त्याच वेळी का जमलं? युद्धामुळे. लाकडी विमानं आणि नौका बांधण्यासाठी पाण्यात न सुटणारे रासायनिक गोंद त्या वर्षांत तयार झाले. त्याआधी प्लायवूड पाण्यात फुगून पापुद्रे सुटायचे. गोंद बदलला आणि होडी बांधायला पिढीजात सुतार लागायचा तो लागेनासा झाला.

टेबलावर बांधलेली होडी

आता इंग्लंड. तिथला जॅक होल्ट हा लहान होड्यांचा मोठा कारागीर. १९५६ मध्ये 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्राच्या पुढाकाराने त्याने 'एंटरप्राइज' नावाची होडी काढली. प्लायवूडची, ४ मीटरच्या किंचित वर लांब, दोन माणसांची, निळ्या शिडांची. मोठ्या माणसांना दोघादोघांनी, नवरा-बायकोने, बाप-लेकीने चालवायची होडी.

मग 'डेली मिरर' या दुसऱ्या वर्तमानपत्राने त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. टीव्हीवर घरच्या घरी सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल आणि हाच जॅक होल्ट, या दोघांनी मिळून 'मिरर' डिंगी काढली. १९६३ च्या सुरुवातीला ती लंडनच्या बोट-प्रदर्शनात आली. युक्ती अफलातून होती. प्लायवूडचे कापलेले तुकडे एका पेटीत घरी यायचे. कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने तुकडे चक्क शिवायचे, आणि त्या शिवणीवर आतून-बाहेरून काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. झाली होडी. सगळ्या सामानाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. लाल शिडं, ३.३ मीटर लांबी, रिकामी होडी साधारण ४५ किलो, मोटारीच्या टपावर बसणारी. अशा मिरर होड्या पुढे सुमारे ७० हजार झाल्या.

वर्तमानपत्रांना होड्यांत रस का? खप! पण त्यांच्यामुळे एक मोठी गोष्ट झाली. नौकाविहार म्हणजे क्लब, कोट आणि ओळखपाळख, हे समीकरण मोडलं. कारखान्यातला फोरमन, शाळेतला मास्तर, नर्स अशी माणसं शनिवारी तळ्यावर होडी घेऊन यायला लागली.

फोनवर बोलता बोलता काढलेलं चित्र

१९६९. कॅनडात इयान ब्रूस या डिझायनरने ब्रूस कर्बी या होडी-आरेखकाला फोन केला. एका दुकान-साखळीला तंबू, खुर्च्या अशा सहलीच्या सामानाबरोबर विकायला एक लहान होडी हवी होती. गाडीच्या टपावर मावणारी. कर्बीने फोनवर बोलता बोलता समोरच्या कागदावर रेघोट्या ओढल्या. त्या दुकानाचं काम पुढे सरकलं नाही, पण तो कागद राहिला.

१९७० मध्ये एका नौकाविहाराच्या मासिकाने हजार डॉलरच्या आतल्या होड्यांची शर्यत ठेवली, तेव्हा तो कागद बाहेर निघाला. होडी बांधली, ती उत्तम चालली, शीड सुधारलं, नाव ठेवलं 'लेझर'. १९७१ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात किंमत होती ५९५ डॉलर. ४.२३ मीटर लांब, ५९ किलो, एक माणूस, एक शीड. दोन लाखांच्या वर झाल्या आणि १९९६ पासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे.

लेझर बांधायला सोपी नाही. ती फायबरग्लासची, साच्यातून निघते. मग ती नवशिक्याला का परवडली? कारण सगळ्या लेझर सारख्या. डोलकाठी, दोर, सुकाणू, काहीही मोडलं तरी तोच भाग जगात कुठूनही आणून बसतो. शिवाय त्याच कायेवर तीन मापांची शिडं लागतात, ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. पोरगं वाढलं की होडी तीच ठेवून वरचं सामान बदलायचं. नावाच्या हक्काच्या भांडणामुळे गेल्या काही वर्षांत हिला 'इल्का' म्हणतात, अनुक्रमे इल्का ४, ६ आणि ७. जुन्या होडीच्या जाहिरातीत दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.

आता या चारही होड्या शेजारी ठेवून बघा. ऑप्टिमिस्ट गावातल्या प्लायवूडवर आणि बापाच्या हातोडीवर उभी राहिली. एंटरप्राइज दोन माणसांच्या जोडीवर. मिरर घरच्या टेबलावर आणि साध्या अवजारांवर. लेझर सुट्या भागांवर. चारही ठिकाणी आधी माणसाच्या आसपास काय आहे ते बघितलं, आणि मग होडी काढली. स्वस्त होडीचं रहस्य हेच आहे. जिची दुरुस्ती, जिचे जोडीदार आणि जिची जागा तुमच्या आसपास आहे, ती होडी स्वस्त. बाकी किंमत हा नंतरचा आकडा.

हेच मुंबईत दोनदा सिद्ध झालं

पहिला दाखला १९८२ चा. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या. त्यात फायरबॉल आणि एंटरप्राइज असे वर्ग होते, दोन्ही मुळात प्लायवूडमधून बांधता येणाऱ्या दोन-माणसी होड्या. फायरबॉलमध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. एंटरप्राइजमध्ये सुवर्ण गेलं कराचीच्या बैराम आणि गोश्पी आवारी या नवरा-बायकोच्या जोडीला. इंग्लंडच्या वर्तमानपत्राने मध्यमवर्गीय जोडप्यांसाठी काढलेली होडी, सव्वीस वर्षांनी मुंबईच्या पाण्यात एका जोडप्याला आशियाचं सुवर्ण देते! साध्या होडीला कमी लेखू नये, ते यासाठी.

दुसरा दाखला त्याहून जुना, आणि तो मला जास्त आवडतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. मुंबईत असताना त्याने आणि सोबत्यांनी ठरवलं, स्वतःची होडी बांधायची. इंग्लंडमधून आराखडे मागवले, तर आले भलतेच, १९२० च्या दशकातल्या एका जुन्या, जाडजूड होडीचे. बदलून मागवायला वेळ नव्हता. त्यांनी तेच घेतले. मुंबईच्या सुतारांनी हाताच्या अवजारांनी, सागवानात, ३२ फुटांची होडी बांधली. १९६४ च्या अखेरीला ती पाण्यात उतरली. नाव 'सुहेली'.

पुढे १९६८ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत जाहीर झाली. नॉक्स-जॉन्स्टनला नवी, वेगवान होडी हवी होती. पैसे उभे राहिनात. शेवटी आहे तीच सुहेली घेऊन १४ जून १९६८ ला तो निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परत आला. निघालेल्या नऊ जणांपैकी पोहोचला तो एकटा. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस मुंबईत बांधलेल्या, चुकून आलेल्या आराखड्याच्या होडीतून आला.

सुहेली ही नवशिक्याची होडी नव्हे, हे उघड आहे. पण तिने शिकवलेलं आपल्या कामाचं आहे. सागवान इथलं, सुतार इथले, आणि तिचा प्रत्येक सांधा मालकाला पाठ. वाटेत काही मोडलं तर दुरुस्त करता आलं. चाळीस वर्षांनी भारतीय नौदलाच्या कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्याने जगप्रदक्षिणा करायची ठरवली, तेव्हा त्यांनी सल्ला घेतला तो याच नॉक्स-जॉन्स्टनकडून. त्यांची 'म्हादेई' गोव्यात बांधली गेली, आणि मे २०१० मध्ये ते प्रदक्षिणा पूर्ण करून मुंबईला परतले. होडी जिथे बांधली जाते तिथे ती बांधण्याचं ज्ञानही राहतं. पुढे नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी जगप्रदक्षिणा केली ती 'तारिणी'सुद्धा गोव्यातच बांधलेली.

मग पुण्याच्या माणसाने काय करावं?

इतिहास झाला. आता हिशेब. होडीच्या आधी तीन प्रश्न विचारा, या क्रमाने.

पहिला: पाणी कुणाचं? खडकवासल्याचं पाणी पुण्याच्या नळाला येतं. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात, पलीकडचा काठ एनडीएचा, म्हणजे प्रतिबंधित. तेव्हा होडी विकत घेतली, टपावर बांधली आणि रविवारी सोडली पाण्यात, असं इथे चालत नाही. परवानगी लागते. पिण्याचं पाणी आहे म्हणून शिडाची होडी मुळातच चालणार नाही, हे मात्र खरं नाही. भोपाळचा मोठा तलाव शहराला पाणी पाजतो आणि त्याच तलावावर राष्ट्रीय नौकायन शाळा चालते. तिथे शिकलेल्या नेहा ठाकूरने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत, लेझरच्या सर्वांत लहान शिडावर म्हणजे इल्का ४ मध्ये, रौप्यपदक मिळवलं. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. समुद्र घरापासून शेकडो किलोमीटर लांब. हैदराबादमध्ये हुसेनसागरावर तिथल्या यॉट क्लबने साध्या घरांतल्या मुलांना ऑप्टिमिस्टवर शिकवून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत नेलं. शिडाच्या होडीला इंजिन नाही, तेल नाही. असली शाळा तलावाचं काही बिघडवत नाही. पुण्याने हे मागायला हवं. एकेकट्याने परवानगी मागण्यापेक्षा संस्था म्हणून मागितली तर ऐकून घेतलं जाण्याची शक्यता जास्त.

दुसरा: बरोबर कोण? एकटेच असाल तर लेझर. पन्नास-साठ किलोच्या आसपास वजन असेल तर लहान किंवा मधलं शीड, पंच्याहत्तरच्या पुढे असाल तर मोठं. पण पहिलं वर्ष मधल्या शिडावर काढलंत तरी कुणी हसणार नाही. जोडीदार पक्का असेल तर एंटरप्राइजसारखी दोन-माणसी होडी, ज्यात एक जण सुकाणू धरतो आणि दुसरा पुढचं शीड सांभाळतो. घरात आठ-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याच्यासाठी ऑप्टिमिस्ट, पंधराच्या पुढे तिचा उपयोग संपतो.

तिसरा: मोडल्यावर कोण? फायबरची होडी पुण्यात सुधारून मिळणं अवघड नाही, फायबरग्लासचं काम करणारे इथे आहेत. लाकडी होडी हवी असेल तर स्वतः सुतारकाम करायची तयारी ठेवा. ती स्वस्तात मिळते आणि नंतर दर पावसाळ्यात वसूल करते.

ही तीन उत्तरं मिळाली की मगच जुनी होडी बघायला जा. हो, जुनीच. पहिली होडी नवी घेऊ नये, कारण पहिल्या वर्षी तुम्ही ती धक्क्यावर आपटणार, खडकावर घासणार, उलटी करणार. सोबत शिडाची होडी चालवलेला माणूस न्या आणि एवढं तपासा. अंगठ्याने काया जागोजागी दाबा. मऊ लागली तर आतून गेलेली आहे. लेझर असेल तर उचलून बघा किंवा वजन करा. ५९ किलोपेक्षा बरीच जड असेल तर आत पाणी शिरलंय. डोलकाठी जिथे बसते तो खळगा आणि मधली फळी जिथून खाली जाते ती पेटी, ही दोन ठिकाणं नीट बघा. होड्या मरतात त्या तिथून. जुन्या लाकडी एंटरप्राइजमध्ये हवेच्या पिशव्या फुगवून एक तास ठेवा. ती उलटली की पाण्याने भरून येते, आणि मग तरंगत ठेवतात त्या याच पिशव्या. शीड हातात घेऊन चुरगाळा. जुन्या कपड्यासारखं मऊ पडलं असेल तर ते बदलायचा खर्च किमतीत मोजा. त्यात जाकीट, झाकण, किनाऱ्यावर ओढायची चाकगाडी आणि ठेवायची जागा मिळवा. होडी स्वस्त आणि जागा महाग, असा हिशेब पुष्कळदा निघतो.

वाऱ्याबद्दल एक. मुठेच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंनी डोंगर आहेत, त्यामुळे वारा सरळ येत नाही, झुळका येतात, दिशा बदलतात. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा चांगला वाहतो, हिवाळ्यातली सकाळ अगदी शांत असते. काठावरच्या झाडांची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर तो वारा शिकायला पुरेसा आहे. फांद्या हलायला लागल्या तर पहिल्या वर्षी काठावरच बसा आणि जाणकार काय करतात ते बघा. आणि जाकीट घातल्याशिवाय, पोहायला येत असलं तरी, पाण्यात नाही. या तलावात बुडण्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

शेवटचं

कोकणातला मुलगा तांडेलाच्या होडीवर शिकला. नेहा ठाकूर शाळेच्या होडीवर शिकली. एनडीएचा छात्र प्रबोधिनीच्या होडीवर शिकतो. यातल्या कुणीही शिकण्याआधी होडी विकत घेतली नाही. म्हणून माझं उत्तर असं: पहिला हंगाम दुसऱ्याच्या होडीत काढा. मुंबईच्या किंवा जवळच्या एखाद्या नौकायन संस्थेत नवशिक्यांचा वर्ग करा, मग कुणाच्या तरी दोन-माणसी होडीत पुढचा दोर धरायला जा. चांगला जोडीदार सगळ्यांनाच हवा असतो, कमी पडतात ते जोडीदारच. एका हंगामानंतर तुम्हाला कळेल की तुम्हाला एकट्याने पळायला आवडतं की जोडीने. त्यानंतर तिघा-चौघांत मिळून एक जुनी होडी घ्या आणि ती ठेवायची जागा आधी पक्की करा.

पुढच्या वेळी चौपाटीवर उभे असाल आणि पलीकडे शिडं दिसली, तर एक गोष्ट करून बघा. ती वाऱ्याकडे जाताना किती वेळा वळतात ते मोजा. दहा मिनिटं मोजलंत की वारा कुठून येतोय ते सांगता येईल. पहिला धडा तिथेच झाला, आणि अजून एक रुपयाही खर्च झालेला नाही.

भेटू पुढच्या भागात.